टू-व्हीलर कुठेही मावते, म्हणून कुठेही लावायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, त्यांचं म्हणणं असं की फोंडा, म्हापसा, मडगाव असल्या शहरांच्या बाजारात दिवसा टू-व्हीलर आत सोडूच नयेत, म्हणजे माणसांना नीट चालता येईल आणि गाड्यांना (म्हणजे त्यांच्या चारचाकीला, असं मी समजते) वाट मिळेल. मी फोंड्याच्या बाजारात बटणं, दोरे, लेस, अस्तर असलं शिवणकामाचं सामान विकते, सकाळपासून काउंटरच्या मागे बसून समोरचा रस्ता बघत असते, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं वाटतं. त्या वाचकांचा राग खरा आहे हो, पण काढलाय भलत्यावरच.

आधी हे बघा की गोव्यात टू-व्हीलर ही काही हौस नाहीये. राज्यात रजिस्टर झालेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त टू-व्हीलरच आहेत आणि त्याचं कारण कोणालाही विचारा, संध्याकाळ झाली की गावाकडे जाणाऱ्या बस कमी होतात, रात्री तर शेवटची बस चुकली की संपलं, आणि आमची घरं काय एका रांगेत बांधलेली नाहीत, एक वाडा टेकडीवर, दुसरा शेतापलीकडे, तिसरा नदीच्या पार. बस हमरस्त्यावर सोडते आणि पुढचा चढ आपला आपण. शिरोड्याची, मडकईची, सावईवेऱ्याची बाई फोंड्याला कामाला येते ती स्कूटरवरच येते, साठी ओलांडलेल्या आजीबाई नऊवारी नाहीतर पाचवारी नेसून हेल्मेट घालून आरामात जातात आणि आमच्याकडे त्याचं कोणाला नवलही वाटत नाही. सकाळी मासळी, मग मुलं शाळेत, मग बँक, मग दुकान, आणि वाटेत कोणाच्या बाराव्याला पाच मिनिटं टेकून यायचं, हे सगळं चारचाकीने करायचं म्हटलं तर दिवस पार्किंग शोधण्यातच जाईल.

आणि ती वाहते किती! पुढच्या हुकाला भाजी, पायाशी तांदळाची पिशवी, डिकीत रेनकोट आणि मुलाचा डबा. चवथीच्या आधी माटोळीचा (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती लाकडी चौकट) बाजार भरतो तेव्हा तर बघायलाच नको, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, कवंडळं, आंबाडे, सगळं त्या एका गाडीवर, आणि मागे बसलेल्याच्या मांडीवर गणपती. मी माझा होलसेलचा माल मडगावहून बोरीच्या पुलावरून स्कूटरवरच आणते, लेसचे रोल हलके असतात म्हणून जमतं.

खर्चाचं तर सांगायलाच नको. आमच्या घरी दोन गाड्या, माझी गिअर नसलेली स्कूटर आणि यांची स्प्लेंडर. स्प्लेंडर म्हणजे ९७ सीसीचं इंजिन, वजन ११२ किलो, लिटरला पन्नास-साठ किलोमीटर तर देतेच, टाकी दहा लिटरला थोडी कमी, एकदा भरली की यांना पेट्रोल पंपाची आठवण बरेच दिवस येत नाही. हिरो होंडाने १९८५ ला सीडी-१०० काढली आणि १९९४ ला स्प्लेंडर, त्याच्या आधी लुना, मग मासेवाल्यांची बजाजची एम-एटी, आणि २००० साली ॲक्टिव्हा आली त्यानंतर तर घरोघरी बायकांच्या हातात चावी आली. खड्ड्यांच्या बाबतीत मात्र यांची गाडी जिंकते हे मान्य करते, तिची चाकं १८ इंची आणि माझ्या स्कूटरचं मागचं चाक १० इंचाचं, पावसात खड्डा पाण्याने भरलेला असला की माझं कंबरडं मोडतं आणि हे पुढे जाऊन थांबून हसत असतात. पण साडी नेसून, पुढे पिशव्या अडकवून, सिग्नलला गिअर न बदलता जायचं तर स्कूटरच बरी. ज्याची त्याची गरज. पणजीला मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर, २०१९ ला सुरू झाला तो, टू-व्हीलरला बंदीच आहे, आम्हाला जुन्याच पुलावरून जायचं, त्याबद्दल तक्रार नाही, त्या उंचीवरच्या वाऱ्यात माझी स्कूटर उभी राहिली असती का देव जाणे.

आता मुद्द्याचं, म्हणजे जागा. चारचाकीला पार्किंगची जी चौकट आखतात ती साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. स्प्लेंडरची लांबी २ मीटर आणि रुंदी हँडलसकट पाऊण मीटरच्याही आत, ७२ सेंटिमीटर. ॲक्टिव्हा त्याहून थोडी आखूड. म्हणजे मागचं चाक कडेला आणि तोंड रस्त्याकडे अशा लावल्या तर एका चारचाकीच्या जागेत पाच गाड्या आरामात बसतात, जरा दाटीवाटी केली तर सहा. सहा गाड्या म्हणजे सहा गिऱ्हाईकं हो! आणि चारचाकीतून उतरतं एक, तेही बहुतेक वेळा फोनवर बोलत. म्हणून बाजारातून टू-व्हीलर काढा असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तुम्ही रस्ता मोकळा करत नाही, तुम्ही तो चारचाकीच्या नावावर करून देताय.

पण. हा हिशोब जमतो कधी, गाडी नीट लावली तर. तीच स्प्लेंडर रस्त्याला समांतर लावली की दोन गाड्यांची जागा गेली, तिरकी फेकली की तीन गाड्यांची. आणि आमच्या ओळीत रोज हेच होतं. पहिला येतो तो समांतर लावतो कारण त्याला "दोनूच मिनटां गो बाय, आयलोंच", दुसरा त्याला लागून तिरकी, तिसऱ्याला जागाच नाही म्हणून तो दोघांच्या मागे आडवी लावतो, आणि मग पहिल्याची दोन मिनिटं अर्ध्या तासाने संपतात तेव्हा तो माझ्या दुकानात डोकं घालून विचारतो, ही गाडी कोणाची? मला काय माहीत बाबा कोणाची. मी दोरे विकते.

छोटी गाडी कुठेही मावते ना, तिथेच घोटाळा आहे. चारचाकीवाल्याला जागा नाही मिळाली तर तो नाइलाजाने पुढे जातो, टू-व्हीलरवाल्याला वाटतं जागा आहेच, कुठेतरी घुसवायची. शटरसमोर, एटीएमच्या दारात, ट्रान्स्फॉर्मरच्या जाळीला टेकवून, कोणाच्या तरी फाटकात. पणजीला मळा नावाच्या जुन्या वस्तीतल्या त्या अरुंद गल्ल्यांत लोकांच्या घराच्या पायरीला चाक लागेल अशी गाडी लावून लोक फोटो काढायला जातात, आतली म्हातारी दार उघडणार कशी? रात्री आमच्याकडे रोस ऑम्लेटच्या (ऑम्लेटवर रस्सा घालून देतात ते) गाड्याभोवती बघा, गाडा नेमका वळणावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बाईक्स, वळणारी बस अडली की पहिलं कोण ओरडतं, तर ऑम्लेट खाणाराच.

फूटपाथचं तर बोलूच नका. नवीन फूटपाथांना टोकाला उतार करतात तो व्हीलचेअरवाल्या माणसासाठी, लहान मुलाची गाडी ढकलणाऱ्या आईसाठी. आपण तो उतार स्कूटर वर चढवायला वापरतो. मग पालिका चिडून तिथे लोखंडी खांब रोवते, स्कूटर तरीही कशीतरी निघते आणि व्हीलचेअर मात्र कायमची बाहेर राहते. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या मुलाला व्हीलचेअर लागते, त्या बाजारात आल्या की रस्त्यावरूनच नेतात त्याला, गाड्यांच्या मधून. फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसस्टॉपजवळ, हॉस्पिटलच्या किंवा कोणाच्या फाटकासमोर गाडी लावायची नाही हे २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, आणि तिथे कुठेही "स्कूटर असेल तर चालेल" असं नाही.

स्टँडचीही एक गंमत आहे. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, मेन स्टँडवर सरळ उभी राहते आणि जागा कमी खाते. एका रांगेत काही साईडवर आणि काही मेनवर असल्या की हँडलात हँडल अडकतं, आरशात ब्रेकचा लिव्हर, आणि एक ओढायला गेलं की चार आडव्या. बायकांना मेन स्टँड जमत नाही असं पुरुष म्हणतात, तसं काही नाही, ताकद नको युक्ती पाहिजे, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत ना बघायचं, मग त्यावर पूर्ण वजन द्यायचं आणि हाताने नुसतं वर उचलल्यासारखं करायचं, गाडी आपोआप मागे चढते. माझ्या भाचीला मी हे शिकवलं, आता ती कॉलेजात मुलांच्या गाड्या लावून देते. ते साडेतीनशेचे बुलेटवाले मात्र वेगळी जात, जवळजवळ दोनशे किलोचं धूड शंभर किलोवाल्यांच्या रांगेत मधोमध घालायचं, वर हँडल लॉक, आणि निघून जायचं. भावा, तू रांगेच्या टोकाला लाव ना. टोकाला लावलीस तर तुझ्यापर्यंत कोणी हात लावायला येणारच नाही, तुझ्या पेंटला ओरखडा नको असेल तर तेच बरं नाही का?

हँडल लॉक करावं की नाही यावर आमच्या दुकानात भांडणं होतात. माझं मत, रांगेत नीट लावली असेल तर खुशाल लॉक करा, चोऱ्या होतात, कोणी म्हणत नाही उघडी टाका. पण दुसऱ्याच्या मागे आडवी लावून लॉक करून जाणं म्हणजे त्याला कोंडून जाणं आहे. काही जण म्हणतात गाडीवर मोबाईल नंबर लिहून ठेवा, म्हणजे फोन करता येईल. पुरुषांना सोपं आहे हो हे, बाईमाणसाने गाडीवर नंबर चिकटवला की रात्री अकराला कोणकोणते "गाडी विकायची आहे का" असे फोन येतात ते एकदा घरातल्या बायकांना विचारा. त्यापेक्षा समोरच्या दुकानदाराला सांगून जा, "मी अमुक ठिकाणी आहे", तेवढं पुरतं. आम्ही दुकानदार हाक मारतो, काही पैसे घेत नाही त्याचे.

दुसऱ्याची गाडी सरकवायची वेळ येतेच, त्यात काही गैर नाही, पण सरकवलेली गाडी पुन्हा धड लावा. इथे काय करतात, स्वतःची आत घालायला माझी ओढून बाहेर पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे ठेवतात, आणि पोलीस येऊन फोटो काढतो तो माझ्या नंबरप्लेटचा. उतारावर तर नुसती ठेवून गेले की ती आपल्या आपण निघते. उतारावर बाईक लावायची तर तोंड चढाकडे आणि पहिल्या गिअरात, म्हणजे स्टँडवरून पुढे घसरत नाही. स्कूटरला गिअर नाही, म्हणून ज्यांच्या ब्रेकला लॉकची ती छोटी क्लिप आहे त्यांनी ती लावावी, बऱ्याच जणांना आपल्या गाडीला ती आहे हेच ठाऊक नसतं. आणि कोणाची गाडी पडलेली दिसली तर उचला हो, बघून जाऊ नका. पेट्रोल गळत नाहीये ना बघा आणि लगेच स्टार्ट मारू नका.

अजून एक, दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं नाही. संध्याकाळी चार पोरं कोणाच्या तरी सीटवर रेलून गप्पा मारतात, साईड स्टँड वाकतो, आणि मालक आला की वर त्यालाच विचारतात, "घाई आहे का?"

सायलेन्सरचं विसरले. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तो उजव्या बाजूला असतो. गच्च रांगेत उजवीकडून माणूस आत शिरतो तेव्हा त्याची पोटरी नेमकी तिथे लागते, आणि लहान मूल असेल तर मांडी. नुकत्याच आलेल्या गाडीचा चटका कसा असतो ते ज्याला बसलाय त्यालाच विचारा, डाग वर्षभर जात नाही. म्हणून दोन गाड्यांत माणूस जाईल एवढी फट सोडा, मघाशी पाच म्हटलं ना, ते याचसाठी, सहा नकोत.

आता जरा गंभीर बोलते. चालू स्कूटर सोडून दुकानात शिरणारे लोक. आमच्याकडे तर रोज दिसतात, आई इंजिन चालू ठेवून, पुढे चार वर्षांचं पोर उभं करून, "दोन रीळ पांढरा दोरा द्या" म्हणत आत येते. पोराचा हात नेमका ॲक्सिलरेटरवर असतो. गिअर नसलेल्या गाडीला हाताने दाबायचा क्लच नसतो, मूठ पिळली की गाडी निघाली. मी आधी दोरा देत नाही, आधी म्हणते "बाय, चावी काढून आण". दोघी-तिघी रागावून गेल्यात, जाऊ देत. मोटार वाहन कायद्याचं १२६ वं कलम हेच सांगतं, की सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल तर इंजिन बंद पाहिजे आणि गाडी चुकून पुढे जाणार नाही अशी लावलेली पाहिजे. नवीन बऱ्याच गाड्यांना साईड स्टँड खाली असला की इंजिन बंद पडतं ही चांगली सोय आहे, पण लोक त्यासाठीच स्टँड न लावता गाडी कठड्याला टेकवून येतात, म्हणजे आपली हुशारी बघा.

बरं, गोयंकारांना शिस्त जमत नाही असं म्हणावं तर तेही खोटं. फेरीबोटीवर जा. चोडण असो, दिवाडी असो, फेरीत टू-व्हीलर चढतात तेव्हा कोणी हवालदार नसतो, पट्टे नसतात, तरी हँडलाला हँडल लावून गाड्या उभ्या राहतात, इंजिन बंद, माणूस गाडी धरून शेजारी उभा, आणि पलीकडे धक्का लागला की ओळीने उतरतात. का जमतं? कारण तिथे माझी गाडी अडली तर तुझीही अडते, सगळ्यांना एकदमच उतरायचं असतं. बाजारात मी माझं निघून जातो, मागचा अडकला तर अडकला.

आणि आमचे पायलट. बाहेरच्या लोकांना वाटतं विमानाचे, पण पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन भाड्याने माणसं पोचवणारे हे लोक गोव्यात कित्येक वर्षं सरकारी परवान्याने हे काम करतायत, बाकी देशात बाईक-टॅक्सीचं नाव निघायच्या कितीतरी आधीपासून. त्यांचा स्टँड एकदा नीट बघा. गाड्या एका रेषेत, तोंड रस्त्याकडे, नंबर लावलेला, पहिला भाडं घेऊन गेला की बाकीचे एकेक पुढे सरकतात, कोणी कोणाला अडवत नाही कारण पोटाचा प्रश्न आहे. दिवसभर मोटारसायकल लावणं आणि काढणं हाच त्यांचा धंदा, पण पालिकेने कुठे पार्किंगचे पट्टे मारायचे असतील तर त्यांना कधी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट त्यांच्याच स्टँडच्या जागेत कोणीतरी आपली स्कूटर घुसवतो, आणि त्यांनी काही म्हटलं तर "रस्ता काय तुमच्या बापाचा" हे ऐकवतो. त्यांना ती जागा परवान्याने मिळालीय, तुम्हाला नाही, एवढं कळायला काय लागतं?

रेंटच्या गाड्यांचं वेगळं दुखणं आहे, ते कळंगुट-बागा-हणजूणवाले जास्त चांगलं सांगतील. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने दिलेली गाडी. चालवणारा पाहुणा, त्याला कुठे लावायची ते माहीत नसतं, त्याच्यावर मी फार रागवत नाही, आपण तरी दुसऱ्या गावात गेलो की काय करतो. माझा राग आहे तो भाड्याने देणाऱ्यांवर, सगळे नाहीत पण बरेच, ज्यांचा अख्खा स्टॉक सार्वजनिक टू-व्हीलर पार्किंगमध्ये सकाळपासून ओळीने उभा असतो. ते पार्किंग नाही, ते गोदाम झालं. मी उद्या माझे लेसचे रोल रस्त्यावर रचून ठेवले तर चालेल का? परवाना देताना गाड्या ठेवायला स्वतःची जागा कुठे आहे ते जागेवर जाऊन बघा, एवढंच म्हणणं.

पावसात काय करायचं ते आपल्याला कोणी शिकवायला नको, पण शहरात नव्याने आलेल्यांसाठी सांगते. जून ते सप्टेंबर मातीवर साईड स्टँड लावला की तो हळूहळू रुततो आणि तासाभराने गाडी आडवी, म्हणून खाली कौलाचा तुकडा नाहीतर चिऱ्याची सपाट कपची ठेवायची, मी डिकीतच ठेवते एक. मे महिन्यात हेच डांबरावर होतं, उन्हाने डांबर मऊ झालं की स्टँड आत जातो. आणि माडाखाली गाडी लावू नका हो. सावली बघून लावतात, वर बघत नाहीत. नारळाला पार्किंगची पावती दाखवून उपयोग नसतो.

आता उपाय, कारण नुसती तक्रार केली की लोक म्हणतात तुम्ही काय सुचवता. बंदी हा उपाय नाही. दंड आहे की, कायद्याच्या १२२ कलमात अडथळा होईल अशी गाडी सोडून जायची नाही असं आहेच, १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि परत केलंत तर १५०० पर्यंत. पण दंड पडतो कोणाला, रांगेत अर्धा फूट बाहेर आलेल्या स्कूटरला, कारण ती समोर दिसते आणि तिचा मालक भांडत नाही. फूटपाथवर चढवलेली, हॉस्पिटलच्या गेटात लावलेली, टू-व्हीलरच्या चौकटीत आरामात पसरलेली चारचाकी, यांच्याकडे आधी बघा. टू-व्हीलरच्या पट्ट्यांत एक चारचाकी घुसली की पाच गाड्या रस्त्यावर आल्या, आणि मग त्या पाचांना दंड! हे उलटं चाललंय.

माझं मागणं साधं आहे. बाजाराच्या दोन्ही तोंडांना आणि मधल्या चौकात टू-व्हीलरसाठी पट्टे मारा, एकेक मीटरचे, एकेका गाडीचे. नुसती मोठी चौकट आखून त्यात "दुचाकी" लिहिलं की पहिला येणारा आडवीच लावतो, गाडीगणिक पट्टा असला की माणूस आपोआप सरळ लावतो, हे मॉलच्या तळघरात बघितलंय सगळ्यांनी. पट्टे बाजाराजवळ पाहिजेत, अर्धा किलोमीटर लांब नकोत, कारण टू-व्हीलरवाला लांब लावून चालत येणार नाही, हे मान्य करून पुढे जाऊया, उगाच आदर्श माणसासाठी शहर आखू नका. तासाभराहून जास्त गाडी ठेवणाऱ्यांना म्हणजे आम्हा दुकानदारांना आणि आमच्याकडे कामाला असणाऱ्यांना लांबची जागा द्या, आम्ही जाऊ, सकाळी एकदा आणि रात्री एकदाच तर चालायचंय. खरं सांगायचं तर दुकानासमोरची चांगली जागा दिवसभर दुकानदाराच्याच गाडीने अडवलेली असते आणि मग तोच दुकानदार ओरडतो की गिऱ्हाईक येत नाही.

रंगाचे पट्टे पावसात टिकत नाहीत म्हणून हे काम पाऊस ओसरला की दसऱ्याच्या सुमाराला करा, आणि चवथीच्या बाजारापुरती तोवर दोरी बांधून एक माणूस उभा करा. पालिकेकडे रंगाला पैसे नाहीत असं ऐकायला मिळेल हे माहीत आहे, म्हणून आमच्या ओळीतल्या दुकानदारांशी मी आधीच बोलून ठेवलंय, खर्च आम्ही वाटून घेऊ, पालिकेने फक्त परवानगी द्यावी आणि माप घालून द्यावं. सगळे तयार आहेत. एकच शेजारी म्हणतात, आधी समोर दिवसभर उभी असते ती पांढरी चारचाकी हलवा, मग बघू. ती चारचाकी त्यांचीच आहे.

पत्र लांबलं, जागा नसेल तर बुलेटवाल्यांचा भाग कापला तरी चालेल, चारचाकीचा कापू नका.

आपली नम्र,
बाजारातली एक दुकानदार,
फोंडा